वधूचं नाव आवश्यक आहे

"त्रिशला कोण हितं?"

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मंगल कार्यालयाच्या ऑफिसात एक काकी दार ढकलून आत आल्या. मागे आणखी दोन बायका. त्यांतल्या एकीच्या हातातल्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. मी टेबलाखाली शिरून प्रिंटरची वायर बसवत होते, ती तशीच बाहेर आले.

"मीच. बोला की."

"सरळ उभी ऱ्हा बघू."

मी उभी राहिले. काकींचा आवाजच असा होता की आधी उभं राहायचं आणि मग कशाला ते विचारायचं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं.

"रंग बरा हाय. उंची आमच्या राजूला चालंल. चष्मा कायमचा का वाचण्यापुरता?"

"कायमचा. पण काकी, तुम्ही कोण?"

"कोण म्हंजे? तुझी सासू."

असं म्हणून त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. मग कमरेच्या बटव्यातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. मेसेज मराठीत होता, पण ते मराठी पुण्यात कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेलं असावं. ‘कुरुंदवाडचे चि. राजेंद्र आलासे आणि चि. सौ. कां. त्रिशला मगदूम यांच्या विवाहाच्या निश्चितीबद्दल आम्ही रोमांचित आहोत.’ खाली दोन गुलाबाची फुलं.

"आमची ना बोलणी, ना बघणं," आलासे काकी म्हणाल्या. "म्हटलं, मगदुमांनी परस्पर ठरवलंच असंल तर निदान मुलगी तरी बघून यावी. घर काय वाईट न्हाई तुमचं."

मी शांतीनाथकाकांकडे बघितलं. शांतीनाथ चौगुले आमचे बुकिंगचे कारकून, माझ्या जन्माच्या आधीपासून त्याच टेबलावर. ते अगदी मन लावून पेनाचं टोक पुसत होते. पेन बॉलपेन होतं.

"काका?"

"चुकलं," काका म्हणाले. मग टेबलावरचा फोन वाजायला लागला आणि दुपारपर्यंत थांबला नाही.

आधीच एक सांगून टाकते. पुढे यथावकाश माझं लग्न झालं, पण त्या दिवशी ज्यांच्या ज्यांच्याशी ठरलं होतं त्यांतल्या कुणाशीही नाही. ही तसली गोष्ट नव्हे. तालुक्यातल्या बायकांना हे अजून पटत नाही, तो भाग वेगळा.

आमचं कार्यालय जयसिंगपूरच्या वेशीवर. माझे वडील, भूपाल मगदूम, म्हणजे आमचे अप्पा, यांनी ते उभं केलं. मी इंजिनिअर झाले, पुण्याला एका कंपनीत दोन वर्षं कुणा परदेशी विमा कंपनीचं काम केलं, आणि अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून घरी आले. आले ती ऐन लग्नसराईत. दुसऱ्याच दिवशी एका हॉलवर दोन वऱ्हाडं उतरली, दोन्ही बाजूंचे बँडवाले एकमेकांवर चाल करून वाजवायला लागले, आणि एका नवरदेवाची घोडी दुसऱ्याच्या मंडपात जाऊन केळीचे खांब खाऊन आली. त्या संध्याकाळी मी अप्पांना म्हटलं, मी तुम्हाला बुकिंगचा प्रोग्रॅम लिहून देते.

लिहिता लिहिता चार दिवसांची तीन वर्षं झाली. कारण आमच्या धंद्यात एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या माणसाला सांगून खरी वाटत नाही. आमच्याकडे आधी हॉल धरतात आणि मग मुलगी शोधतात. दिवाळी झाली की मुलाचे वडील येतात, वैशाखातला चांगला मुहूर्त बघून हॉल धरतात आणि मग पाहुण्यांत जाऊन सांगतात, हॉल मिळालाय, आता मुलगी द्या. चांगला हॉल आणि चांगला मुहूर्त हातात असलेला मुलगा बाजारात जरा उंच दिसतो. मुलीकडचेही विचारतात, पोरगा काय करतो ते राहू दे, हॉल कुठला?

तर माझ्या प्रोग्रॅमला हे ठाऊक होतं. ‘मुहूर्त धरला’ असेल तर तारीख पिवळी. वधूची जागा रिकामी राहिली तरी तो कुरकुरत नसे. सुपारी फुटली की केशरी, पत्रिका छापली की हिरवी. पाडवा आला की पिवळ्या तारखांची यादी काकांपुढे यायची आणि काका एकेकाला फोन करायचे, "काय पाव्हणं, जमलं का कुठं?" नसेल जमलं तर ‘रद्द’ म्हणायचं नाही, ‘पुढच्या सराईला बघू’ म्हणायचं, म्हणून बटणावरही मी तेच लिहिलं होतं. एकाच भावकीतली दोन वैरी घरं एकाच दिवशी, एक सकाळच्या आणि एक संध्याकाळच्या मुहूर्ताला, येणार असतील तर प्रोग्रॅम आधीच लाल दिवा दाखवायचा. कुठली घरं वैरी, ते शांतीनाथकाका सांगायचे आणि मी भरायचे. काही वैरं मिटायची, नवी लागायची. ती संध्याकाळी कळली की रात्रीच्या जेवणाआधी प्रोग्रॅममध्ये असायची.

मला त्या कामात जीव लागला होता. पुण्यात मी दोन वर्षं कुणासाठी काय लिहिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. इथं मी सकाळी लिहिलेलं दुपारी काका वापरायचे आणि संध्याकाळी त्याला नावं ठेवायचे. मला हीच खुर्ची हवी होती, दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

पण माझा थोरला भाऊ वर्धमान. दादानं हायवेवर दुसरा हॉल काढला होता, काचेचा, आत कारंजं असलेला. तो पुण्याच्या एका प्रदर्शनातून तयार सॉफ्टवेअर घेऊन आला. मोठ्या शहरांतली मोठमोठी हॉटेलं तेच वापरतात म्हणे.

"तुझंही चांगलं आहे गं," दादा म्हणाला, "पण घरचं ते घरचं. घरचं लोणचं आणि कंपनीचं लोणचं यात फरक असतोच."

"असतो की. घरचं आधी संपतं."

"चेष्टा नको. उद्या तू लग्न होऊन गेलीस तर हे कुणी बघायचं?"

इथं अप्पांनी मान हलवली आणि मला कळलं की निकाल लागला. बेळगावचं एक स्थळ आलं होतं, मुलगा कुठल्याशा बँकेत. अप्पांचं गणित सरळ होतं. एक सराई नव्या यंत्रावर निभली की त्रिशला मोकळी. मोकळी म्हणजे खुर्चीवरून उठवलेली, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. मी पुष्कळ भांडले. शेवटी ठरलं की या सराईला कंपनीचं यंत्र चालवून बघायचं. चाललं तर माझा हट्ट संपला, आणि पाडव्यानंतरच्या रविवारी बेळगावची माणसं मला बघायला येणार.

जुनी बुकिंगं नव्या यंत्रात चढवायचं काम काकांकडे आलं. मला दादानं जवळ फिरकू दिलं नाही. म्हणाला, तू मुद्दाम खोट काढशील. पाडव्याच्या दिवशी नारळ फोडून, यंत्राला हार घालून त्यानं त्यातली ‘शुभेच्छा सेवा’ सुरू केली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राला शुभेच्छा देण्याची उबळ आली.

"पण माझं नाव का घातलंत?" मी फोन बाजूला काढून ठेवत काकांना विचारलं.

"अगं, ते पुढं जाईना की. वराचं नाव घातलं, तारीख घातली, खाली तांबड्या अक्षरांत येतंय, ‘वधूचं नाव आवश्यक आहे’. आता वधू कुठली आणू? मी लिवलं, ‘ठरायची आहे’. तर वर्धमान वराडला, हे काय नाव झालं का म्हणून. मग त्या कंपनीच्या पुण्याच्या पोराला फोन केला. तो म्हणाला, काका, कुठलंही नाव टाका, मग बदलू."

"मग कुठलंही टाकायचं. माझंच कशाला?"

 काका परत बॉलपेन पुसायला लागले.

"सगळ्यांना माझंच?"

"ज्यांचं ठरायचं हाय तेवढ्यांनाच," काका म्हणाले. जणू त्यांनी काटकसरच केली होती.

ज्यांचं ठरायचं आहे ती पोरं डझनावर होती. अकरा वाजेपर्यंत त्यांतल्या निम्म्यांच्या घरून फोन आले. कुणी खूश, कुणी चिडलेलं. शिरोळच्या एका गृहस्थांनी थेट देण्याघेण्याचंच काढलं. एका मुलानं स्वतः फोन करून चाचरत विचारलं, "मॅडम, माझी काही हरकत नाही, पण आपण भेटलो होतो का कुठं?" आलासे काकी हे सगळं ऐकत दुसरा चहा पीत होत्या. त्यांना उठायची घाई दिसत नव्हती.

"लई मागणी हाय की तुला," त्या म्हणाल्या. "मी नंबर लावून ठेवलेला बरा."

मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. दादाच्या लोणच्याचा असा निकाल लागलेला बघून मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण बारा वाजता निपाणीचे शिरगुप्पे आले आणि माझं हसू गेलं.

शिरगुप्पे म्हणजे मुलीचे वडील. उदगावच्या सुदर्शन खोतनं दिवाळीत आमच्याकडे मुहूर्त धरला होता, मग निपाणीची स्नेहल शिरगुप्पे पसंत पडली, आणि मागच्याच आठवड्यात सुपारी फुटली होती. काका यंत्रात नाव बदलायला गेले तर यंत्र म्हणालं, नोंद पक्की झाली, आता बदलायला कंपनीची परवानगी लागेल. काकांनी परवानगी मागून ठेवली होती, ती आली नव्हती. मुलीच्या वडिलांचा नंबर मात्र यंत्रानं आनंदानं घेतला होता. त्यामुळे सकाळी शिरगुप्प्यांना मेसेज गेला की त्यांच्या जावयाचं त्रिशला मगदूमशी लग्न ठरल्याबद्दल कंपनी रोमांचित आहे.

शिरगुप्पे पुढे, त्यांच्या मागे तोंड पडलेला सुदर्शन, आणि त्याच्या मागे त्याचे वडील पुन:पुन्हा तेच म्हणत, "ऐकून तर घ्या पाव्हणं, ऐकून तर घ्या."

"कोण ही त्रिशला?" शिरगुप्प्यांनी दारातूनच विचारलं.

"ही की," आलासे काकी म्हणाल्या. "आमची सून."

"तुमची? मग यांची कोण?"

"मामा, आईशपथ, मी यांना आज पहिल्यांदा बघालोय," सुदर्शन म्हणाला. पोरगा रडायच्या बेतात होता.  शिरगुप्प्यांच्या घरी बायको सकाळपासून जेवली नव्हती, मुलगी खोलीचं दार लावून बसली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. मला तेवढंच कळलं की हा माणूस या दारातून तसाच परत गेला तर हे लग्न मोडलं, आणि त्यात नाव माझं असेल.

"शिरगुप्पे मामा, आधी बसा," मी म्हटलं. "सकाळपासून माझं डझनभर ठिकाणी जमलंय. त्यातला हा एक मुलगा तुम्ही घेऊन गेलासा तर माझी काही तक्रार नाही."

 आधी सुदर्शनचे वडील खुदकन हसले, आलासे काकींना चहाचा ठसका लागला, आणि शेवटी शिरगुप्प्यांच्या मिशा हलल्या. ते बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, तांबड्या अक्षरांसकट.

"अवो, पण मुलीचं नाव आधी कुठलं असायचं?" ते म्हणाले. "आमच्याकडंबी तसंच. आधी हॉल, मग बाकीचं."

"हेच त्या पुण्याच्या यंत्राला माहीत नाही."

"मग माहीत करून द्या."

"पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत विचार करू म्हणालेत," दादा कोपऱ्यातून म्हणाला. तो मघाशीच आला होता आणि भिंतीला टेकून घाम पुसत उभा होता.

"ते मला सांगू नका. माझ्या पोरीचं नाव घाला. आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत."

दादानं नवं यंत्र उघडलं. यंत्र म्हणालं, आपली विनंती प्रलंबित आहे, कामकाजाचे दोन दिवस लागतील. शिरगुप्पे उठायला लागले. मी माझ्या कॉम्प्युटरकडे खुर्ची ओढली. जुना प्रोग्रॅम मी बंद केलेला नव्हता. दादानं बंद करायला सांगितलं होतं, पण खेळत्या पोराला कोण झोपवतं? खोतांची तारीख पिवळी होती. मी वधूच्या जागी ‘चि. सौ. कां. स्नेहल शिरगुप्पे, निपाणी’ लिहिलं आणि तारीख केशरी झाली. वर आलं, ‘सुपारी फुटली’.

शिरगुप्प्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि दोनदा वाचलं.

"हे कुठल्या कंपनीचं?"

"घरचं आहे."

"ह्याचा कागद काढून द्या. घरी दाखवायला पाहिजे."

प्रिंटरची वायर सकाळी मी बसवली होती हे बरं झालं. कागद छातीशी धरून शिरगुप्पे गेले. जाताना सुदर्शन मला वाकून नमस्कार करायला लागला, त्याला मी अडवलं. दादा माझ्याकडे बघत नव्हता, आणि मी त्याच्याकडे मुद्दाम बघत होते.

इथवर सगळं निभावलं असतं. पण दादानं पुण्याला फोन लावला. त्या मिहिर नावाच्या मुलानं फार गोड आवाजात सांगितलं की काळजी करू नका सर, ही तर फक्त शुभेच्छा होती. संध्याकाळी पाच वाजता त्याच नंबरांवर नकाशासह निमंत्रण जाईल आणि ते दोन्हीकडच्या पाहुण्यांना पुढे पाठवायचीही सोय आहे.

"थांबवा ते!" दादा ओरडला.

"सर, तक्रार नोंदवून घेतो. कामकाजाचे दोन दिवस."

दादानं फोन आपटला आणि माऊस ओढला. "सगळी बुकिंगंच रद्द करून टाकतो. बुकिंग नाही तर निमंत्रण कशाचं?"

"दादा, थांब. रद्द केल्याचाही मेसेज असणार."

मी वाक्य संपवायच्या आत त्यानं बटण दाबलं होतं.  मग आलासे काकींच्या बटव्यात टिंग वाजलं. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरून सावकाश, मोठ्यानं वाचलं.

"आपला त्रिशला मगदूम यांच्याशी होणारा विवाह रद्द झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला अनुभव कसा होता? एक ते पाचमध्ये गुण द्या."

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. "म्हंजे मोडलं व्हय? अजून तिसरा चहाबी संपला न्हाई माझा."

"काकी, ते..."

"न्हाई, मुलगी चांगली हाय. मी चार गुण देतो." एक गुण चष्म्याचा कापला असावा. नारळ मात्र त्यांनी टेबलावरच ठेवला, परत नेणं बरं दिसत नाही म्हणाल्या, आणि दोन्ही बायकांना घेऊन उठल्या.

पाचचं निमंत्रण त्यामुळे टळलं, पण फोन परत वाजायला लागला. या वेळी सूर निराळा होता. सकाळी जे चिडले होते तेही आता का मोडलं म्हणून चिडले होते. ज्यांना मी नको होते त्यांनासुद्धा मी नकार दिलेला चालत नव्हता. आणि बातमी जयसिंगपूरभर पसरली होती, कारण ऑफिसला चहा देणारा प्रत्येक वेळी दाराबाहेर जरा जास्त रेंगाळत होता.

चार वाजता अप्पा आले. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. नेहमी ते त्यांच्या खुर्चीवर बसत. त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले, आलासे काकी सकाळपासून बसल्या होत्या तीच. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलेलं होतं.

दादाला आता कुणावर तरी राग काढायचा होता आणि अप्पांपुढे स्वतःची बाजूही मांडायची होती. तो काकांकडे वळला. "सगळं तुमच्यामुळं, काका. अहो, जगात मुलींची नावं कमी आहेत का? काय म्हणून हिचं घातलंत? जरा डोकं वापरायचं की!"

"चुकलं," काका म्हणाले. सकाळपासून ते एवढंच म्हणत होते.

"चुकलं म्हणून कसं चालेल? घराण्याची अब्रू..."

"त्याला बोलू नको," अप्पा म्हणाले. "नाव मी सांगितलं होतं."

काकांनी मान खाली घातली. 

"शांतीनाथ आला माझ्याकडं," अप्पा काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले. "म्हणाला, अडलंय, वधूचं नाव पाहिजे म्हणतंय. मी म्हटलं, घाल आमच्या पोरीचं, कुठंतरी जमू दे. चेष्टाच केली होती. तर ह्यानं खरंच घातलं. मग संध्याकाळी तुम्ही घरी गेलासा की मी हितं येऊन बघायचो. चिरंजीव अमुक, चि. सौ. कां. त्रिशला. चिरंजीव तमुक, चि. सौ. कां. त्रिशला. एकामागनं एक. वाचून बरं वाटायचं, पोरी. इतकी वर्षं लोकांच्या पोरींची नावं फुलांत लावतोय मी त्या दारावर."

मी दिवसभर काकांवर, दादावर, पुण्याच्या मिहिरवर राग धरून होते. अप्पांवर धरायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि स्वतःची सुद्धा थोडी आली. हा माणूस बंद ऑफिसात एकटा बसून माझी डझनभर लग्नं वाचत होता आणि मला पत्ता नव्हता.

"मग मघाशी सांगायचं नाही का, काका?" मी म्हटलं.

"मालकाचं नाव कसं सांगू?" काका पुटपुटले.

"बेळगावचा फोन आला होता," अप्पा पुढे म्हणाले. "त्यांचे पाव्हणे शिरोळला हायेत. एका दिवसात डझनभर ठिकाणी जमून मोडलेली मुलगी आम्हाला झेपणार न्हाई म्हणाले." त्यांनी हे गंभीरपणे सांगायचा प्रयत्न केला. पण ‘झेपणार न्हाई’ला त्यांचं पोट हलायला लागलं. मग माझंही हसू फुटलं, काकांचं फुटलं, आणि शेवटी नाइलाजानं दादाचंसुद्धा. हसता हसता अप्पांनी डोळे पुसले ते जरा जास्त वेळ पुसले.

"आज निपाणीच्या पाव्हण्यांना कुणी सांभाळलं?" त्यांनी दादाला विचारलं.

"तिनं."

"आणि तुझ्या यंत्रानं?"

 अप्पांनी खुर्ची माझ्या टेबलाकडे सरकवली.

"तुझं ते घरचं उघड बघू. वर मालकाचं नाव येतंय न्हवं त्यात?"

"येतं. भूपाल आदगोंडा मगदूम."

"ते बदलायचं झालं तर पुण्याला फोन करावा लागतो?"

"नाही."

"कुणाची परवानगी?"

"नाही हो. आत्ता बदलतं."

"मग घाल तुझं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. 

"अप्पा, आणि माझं?" दादानं विचारलं.

"तुला हायवेचं हाय की, कारंज्यासकट. हितलं हिचं." मग माझ्याकडे वळून, "काय बघालीस? घाल."

मी अप्पांचं नाव पुसलं. ते पुसताना मला कसंसंच झालं. मग लिहिलं, ‘मालक: कुमारी त्रिशला भूपाल मगदूम’. अप्पा काठीवर जोर देऊन उठले, टेबलाला वळसा घालून माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि चष्मा वर सरकवून वाचू लागले. ओठ हलत होते. वाचून झालं तरी ते तिथंच उभे होते.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"त्यातलं कुमारी तेवढं काढ."

"का?"

"उद्या लग्न झालं तर परत बदलायला नको," अप्पा म्हणाले.

मी ते काढलं. बाकीचं नाव अजून तसंच आहे.